महागडा बूट चावतोय: घालत राहू की विकून टाकू?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी 38 वर्षांचा आहे, ठाण्यात राहतो. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं लंडनला होतो. परत येण्याआधी जानेवारीत एका सकाळी मुद्दाम बुटांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नॉर्दॅम्प्टनला गेलो आणि एका कारखान्याच्या दुकानातून काळे ऑक्सफर्ड (नाडीचे, फॉर्मल) बूट घेतले. स्वतःसाठी एवढा खर्च आयुष्यात पहिल्यांदाच केला. आठ नंबर आवळत होता म्हणून साडेआठ घेतला. विक्रेता म्हणाला, चामडं आहे, पायाप्रमाणे होईल. त्याला आता दोन वर्षं झाली. खास प्रसंगीच घालायचे असं ठरवल्यामुळे जेमतेम बारा वेळा घातले असतील. उजव्या पायाला करंगळीच्या मुळाशी लागतात, तासाभरात आग होते. डावी टाच मात्र चालताना वर येते. खराब होऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोक्यात ठेवले होते. गेल्या महिन्यात खोकं उघडलं तर पांढरी बुरशी. पत्नी म्हणते, विकून टाक. वडील म्हणतात, कोल्हापुरीसुद्धा आधी चावतेच, घालत राहा. खोबरेल तेल लावून बघू का? ताणून घेऊ का? की पैसे पाण्यात गेले समजू? इतकी चांगली वस्तू मला सांभाळता आली नाही, याचंच जास्त वाईट वाटतं."

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. सांभाळता आली नाही, असं तुम्ही लिहिलंय. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुम्ही ते बूट जरा जास्तच सांभाळलेत. प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर खोकं, त्याच्यावर बंद कपाट, आणि तेही ठाण्याच्या पावसाळ्यात. आपल्याकडे चांगली वस्तू घरात आली की आधी आत ठेवायची रीत आहे, आणि त्यामागे प्रेमच असतं. पण घरातल्या जाणत्या बायका पैठणीसुद्धा नुसती ठेवून देत नाहीत. अधूनमधून घडी मोडतात, सावलीत वारा दाखवतात, नव्या घडीवर ठेवतात. चामडंही तसंच आहे. त्याला हवा लागते, हात लागतो, आणि मधूनमधून पायही लागतो.

तरीही बुरशीकडे नंतर येऊ. आधी माप. बूट मापाचा नसेल तर क्रीम, ब्रश, पॉलिश यांवर खर्च करण्यात अर्थ नाही, म्हणून क्रम हाच ठेवायचा.

तुमच्या वडिलांचं म्हणणं कोल्हापुरीपुरतं अगदी खरं आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते जाड कातडं सुरुवातीला ताठ असतं, करकरतं, पट्ट्याखाली फोड आणतं आणि दहा-पंधरा दिवसांत पायाचं होऊन जातं. पण कोल्हापुरी मोकळी असते. बोटांना पुढे भिंत नाही, टाचेला मागे भिंत नाही. चावतो तो पट्टा, आणि तो मऊ पडला की काम झालं. बंद बुटाला चहूबाजूंनी भिंती आहेत. त्यातल्या काही सरकतात, काही जन्मात सरकत नाहीत. तुमचा सगळा निर्णय कोणती भिंत लागतेय यावर आहे.

नॉर्दॅम्प्टन आणि आसपासच्या गावांतले चांगले कारखाने मुख्यतः गुडइअर वेल्ट पद्धतीने बूट बांधतात. (रबर पक्कं करण्याची कृती शोधणारे चार्ल्स गुडइअर यांच्या मुलाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, ती 1870 च्या आसपासची. टायरच्या कंपनीशी तिचा संबंध नाही.) वरचं चामडं फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून बसवतात. त्याच्या कडेने चामड्याची एक अरुंद पट्टी आतल्या तळाला शिवतात, तीच वेल्ट. या शिवणीमुळे तळाखाली जी उथळ पोकळी राहते तिच्यात बुचाचा भुगा भरतात आणि बाहेरचा तळ वेल्टला वेगळा शिवतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या तपकिरी डर्बीचा (हाही नाडीचाच बूट) झिजलेला तळ बदलायला दिला, तेव्हा कारागिराने मला थांबवून घेतलं आणि जुना तळ माझ्यासमोर उपसला. आतल्या काळपट बुचावर माझा पाय उमटला होता. टाचेचा खळगा, चवड्याखालची उथळ वाटी, अंगठ्याचा गोल आणि त्याच्या बाजूला चार बोटांच्या फिकट खुणा. उजव्या बुटात अंगठ्याची खूण डाव्यापेक्षा खोल होती. मी उजव्या पायावर जास्त भार देते हे मला तोवर माहीत नव्हतं. "हा आता फक्त तुमचा," ते म्हणाले आणि जुना बुचाचा थर खरवडायला लागले.

विक्रेत्याने सांगितलेलं "पायाप्रमाणे होईल" हे इथे खरं ठरतं. तळाखालचं बूच आणि आतलं चामडं पायाच्या भाराने बसतं, खोलगट होतं. वरचं चामडं आडवं काही मिलिमीटर सैल पडतं. पण लांबी बदलत नाही. पुढच्या टोकाला आतून कडक अस्तर असतं, ते हलत नाही. टाचेची वाटी कडक असते, तीही हलत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, चवड्याच्या सांध्यासाठी (चालताना पाय जिथे मुडपतो तिथे) फर्म्याने ठरवलेली जागा हलत नाही.

तुमचं घोडं नेमकं इथेच पेंड खातंय, असं मला वाटतं. आठ नंबर आवळत होता म्हणून तुम्ही साडेआठ घेतलात. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जुन्या हिशेबाने जवाचा एक दाणा. अर्धा नंबर म्हणजे साधारण 4 मिलिमीटर लांबी. तुम्हाला हवी होती रुंदी आणि तुम्ही विकत घेतलीत लांबी. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. बूट लांब झाला तशी त्याची सर्वांत रुंद जागाही पुढे सरकली. तुमच्या चवड्याची रुंद जागा मात्र आहे तिथेच, म्हणजे आता ती बुटाच्या कमरेकडच्या, म्हणजे चवडा आणि टाच यांच्या मधल्या, अरुंद भागात येऊन बसली. म्हणून करंगळीच्या मुळाशी आग होते. आणि लांबी वाढली म्हणून टाच उचलली जाते. दोन पायांच्या दोन उलट तक्रारी वाटतात, पण त्यांचं मूळ बहुधा एकच आहे. उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा रुंदही असेल. जवळजवळ सगळ्यांचेच पाय थोडे असमान असतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही: जानेवारीतली सकाळ. थंडीत आणि सकाळी पाय सर्वांत लहान असतो. दिवसभर उभं राहिल्यावर, त्यातून ठाण्याच्या उकाड्यात, तोच पाय फुगतो. तुम्ही माप एका पायाचं दिलंत आणि बूट दुसऱ्याच पायात घालताय म्हणा ना. यात दोष तुमचा नाही, फार तर वेळेचा आहे. पण पुढच्या वेळी बूट बघायला दुपारनंतर जा.

आता हे नुसतं माझं अनुमान राहू नये म्हणून रविवारी संध्याकाळी घरीच तपासा. थोडं चालून या, ऑफिसला घालता तसेच पातळ मोजे घाला, कोऱ्या कागदावर उभं राहा आणि पत्नीला दोन्ही पायांची बाह्यरेषा काढायला सांगा. पेन्सिल सरळ उभी धरायची, पायाखाली तिरकी न्यायची नाही. स्वतः वाकून काढू नका, भार हलतो आणि माप चुकतं. प्रत्येक पायाची तीन मापं लिहा: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, आणि चवड्याची रुंदी. मधलं माप फार कमी जण घेतात आणि बुटासाठी तेच सर्वांत कामाचं असतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920 च्या दशकात पाय मोजायचं जे धातूचं साधन बनवलं, त्यात याच्यासाठी वेगळी सरकती पट्टी आहे. चांगल्या दुकानात ते साधन दिसलं तर आवर्जून मोजून घ्या. फक्त त्याचे आकडे अमेरिकन असतात. पुरुषांच्या इंग्रजी नंबरासाठी साधारण एक वजा करावा लागतो.

मग बूट घाला, नाडी नीट बांधा आणि उभे राहा. बुटाचा सर्वांत रुंद भाग कुठे येतो ते वरून बघा आणि अंगठ्याच्या मुळाचं हाड बोटाने चाचपा. दोन्ही एका रेषेत हवेत. मग दहा पावलं चालून घडी बघा. पाय जिथे मुडपतो तिथेच बुटाला आडवी घडी पडायला हवी. ती पुढे पडत असेल, बोटांवर टोचत असेल, तर बूट लांब आहे. पुढे किती जागा राहिली हे अंगठ्याने दाबून बघायची आपली सवय इथे फसवते, कारण ऑक्सफर्डचं टोक मुद्दामच लांबट असतं आणि योग्य मापातही पुढे रिकामी जागा राहते. नाडीकडेही बघा. नव्या ऑक्सफर्डमध्ये नाडीच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट राहावी, म्हणजे बूट मुरल्यावर आवळायला वाव मिळतो. इतक्या कमी वापरातच पट्ट्या पूर्ण मिटत असतील तर आत जागा जास्त आहे.

यावरून काय करायचं?

सांधा जागेवर असेल आणि त्रास फक्त उजव्या बाजूच्या दाबाचा असेल, तर बूट ठेवा. अनुभवी कारागिराकडून त्या एका बिंदूवर उजवा बूट ताणून घ्या. त्यासाठी चिमट्यासारखं एक अवजार असतं, एका बाजूला गोळी आणि दुसऱ्या बाजूला कडी. त्याने नेमका हाडाजवळचा भाग उचलता येतो. नेताना आतून हाडाच्या जागी खडूची खूण करून न्या, म्हणजे अंदाजाने काम होणार नाही. एकदम फार ताणू देऊ नका. दोन फेऱ्यांत, मध्ये चार दिवस ठेवून. डाव्या बुटात टाचेला चिकटवायची गादी लावण्याआधी जिभेच्या खाली पातळ फेल्टची गादी लावून बघा. ती पाय मागे टाचेच्या वाटीत ढकलते आणि टाचेची गादी करते तसा पाय पुढे सारत नाही. नव्या कडक तळाच्या बुटात टाच किंचित उचलली जाणं स्वाभाविक आहे, तळ वाकायला लागला की ते थांबतं. मोजा घासून फोड येत असेल तर मात्र ते स्वाभाविक नाही.

सांधा पुढे-मागे असेल तर ताणून काहीच होणार नाही. मग पत्नीचं म्हणणं ऐका आणि बूट विका. हे हार मानणं नाही. बारा वेळा घातलेला चांगला वेल्टचा बूट अजून उमेदीत आहे, तो योग्य पायाला मिळू द्या. बुरशी आली होती हे घेणाऱ्याला सांगा. चुलतभाऊ, मेहुणा, कुणाचा पाय अरुंद आणि साडेआठचा असेल तर आधी त्याला घालून बघायला द्या.

माझा कौल विचारलात तर, पत्रावरून मला दुसरी शक्यता जास्त वाटते. तरी चाचणी न करता विकू नका. सांधा जागेवर निघाला, तर ताणून आणि गादी लावून झाल्यावर दहा वेळा घाला, पहिल्यांदा दोन-दोन तास, तेही खास प्रसंगी नाही तर साध्या ऑफिसच्या दिवशी. दहाव्या वेळीही आग होत असेल तर प्रश्न मिटला. "कधीतरी होईल" म्हणत वर्षानुवर्षं पाय सोसत बसू नका. करंगळीच्या मुळाशी सततचा दाब राहिला तर भोवरी येते, हाड सुजतं, आणि पाय काही दुसरे मिळत नाहीत.

पुढचा बूट घेताना नंबराबरोबर रुंदी विचारा. इंग्लंडमध्ये अनेक कारखान्यांत एफ (F) ही नेहमीची रुंदी आणि जी (G) ही तिच्याहून रुंद. तुमचा पाय कदाचित आठ-जी असेल. पायाचा वरचा उंचवटा जास्त असेल तर ऑक्सफर्डऐवजी डर्बी बघा, तिच्या पट्ट्या मोकळ्या असतात म्हणून सोय होते. आणि स्पोर्ट्स शूजचा नंबर इथे आणू नका, तो बहुधा अर्ध्या-एक नंबराने मोठाच घेतलेला असतो. बिननाडीचे लोफर घेणाऱ्या वाचकांनी तर आणखी जपून घ्यावेत. आवळायला काहीच नसल्यामुळे लोफर पहिल्या दिवशी अंगासरशी बसायलाच हवेत.

खोबरेल तेल लावू नका. वर्षानुवर्षं कोल्हापुरीला तेल लावून ती टिकवलेली माणसं मी पाहिलीत, पण ते जाड कातडं वेगळं आणि तुमच्या बुटाचं वासराचं पातळ, गुळगुळीत चामडं वेगळं. तेलाने ते काळवंडेल, लुळं पडेल, घडीशी बसकण येईल आणि वर पॉलिश धरणार नाही. शिवाय खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं, थंडीत पांढरं होऊन वर येईल आणि तुम्हाला पुन्हा बुरशी वाटेल.

यावरून आठवलं, प्रत्येक पांढरेपणा बुरशी नसतो. चामड्यातली चरबी किंवा मेणही कधीकधी पांढुरकं होऊन वर येतं. कोमट हवेने ते विरघळून नाहीसं होतं, त्याला वास नसतो. बुरशी मात्र मऊ केसाळ असते, ठिपक्याठिपक्यांनी येते आणि खोकं उघडताच कुबट वास येतो. तुमच्या वर्णनावरून ती बुरशीच आहे. घाबरू नका, ती धरते जास्त करून वरच्या मेण-मळावर. बूट गॅलरीत न्या, तोंडावर मास्क लावा, नाड्या काढून गरम पाण्यात धुवायला टाका. आधी कोरड्या ब्रशने झाडा आणि तो ब्रश साबणाने धुऊन ठेवा, पुढे पॉलिशला वापरू नका. मग औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल तितक्याच पाण्यात मिसळून, कापड पिळून घेऊन, बाहेरून, वेल्टच्या खाचेतून आणि आतल्या अस्तरावरून हलक्या हाताने पुसा. आधी जिभेखाली दडलेल्या कोपऱ्यावर थेंबभर लावून रंग उतरतो का बघा. काम गॅसपासून लांब करा, हे द्रावण पेट घेतं. नंतर दोन दिवस पंख्याखाली, सावलीत. उन्हात नाही. खोकं आणि आतला कागद फेकून द्या, बुरशीचे कण तिथेच बसलेले असतात.

अल्कोहोलने चामडं कोरडं पडतं, म्हणून त्यानंतर लगेच बुटांचं क्रीम. आणि इथून पुढे जी निगा आहे ती दर आठवड्याची नाही, एवढं आधीच सांगते. बुटाचं बरंचसं आयुष्य तीन फुकटच्या सवयींवर अवलंबून असतं. एकदा घातला की दुसऱ्या दिवशी नाही. घामाचा ओलावा निघायला निदान 24 तास लागतात. काढल्यावर आत बिनपॉलिशचे लाकडी साचे घालायचे, ते ओल शोषतात आणि घड्या ताणून धरतात. आणि नाडी सोडल्याशिवाय पाय घालायचा-काढायचा नाही, घालताना शू हॉर्न वापरायचा, कारण टाचेची वाटी एकदा मोडली की तिला पुन्हा उभं करणं अवघड. घरी आल्यावर घोड्याच्या केसांच्या ब्रशने अर्धा मिनिट झाडलं की त्या दिवसाचं काम संपलं. घडीत बसलेली धूळ काचकागदासारखी चामडं घासत असते, तेवढी काढली की पुरे.

क्रीम पंधरा-वीस वेळा घातल्यावर एकदा. मी रविवारी करते. नाड्या काढायच्या, ओलसर कापडाने पुसून सुकू द्यायचं. मऊ सुती कापड दोन बोटांभोवती घट्ट गुंडाळून हरभऱ्याच्या डाळीएवढं क्रीम घ्यायचं, एका बुटाला तेवढं बास होतं. छोट्या गोलांत चोळायचं, घडीपाशी जरा जास्त वेळ. दहा मिनिटांत वरचा ओलेपणा जातो, चामडं मंद, धुरकट दिसतं. मग ब्रश. पहिल्या काही फटक्यांत काहीच होत नाही, ब्रश अडखळतो. एका क्षणी त्याचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सळसळ येते, आणि चमक वर येते. तिथे थांबायचं.

डबीतलं मेणाचं पॉलिश वाईट नाही, आपल्या घराघरांतल्या शाळेच्या बुटांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. पण ते फक्त टोकाला आणि टाचेला, जिथे चामडं वाकत नाही. घडीवर मेणाचा थर चढवला की तो तडकतो, तड्यांत मळ जातो आणि लोकांना वाटतं चामडंच फाटलं. स्पंजच्या बाटलीतलं झटपट लिक्विड पॉलिश मात्र या बुटाला अजिबात लावू नका. त्याचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा बसतो, आत क्रीम जात नाही, आणि खाली चामडं कोरडं पडत राहतं.

पावसाळ्याचं काय? जून ते सप्टेंबर हा बूट रस्त्यावर नेऊ नका, एवढं सोपं आहे. कोल्हापुरी आपण पावसाळ्यात आत ठेवतो ना, त्याच न्यायाने. इंग्लंडमधला चामडी तळही झाडाच्या सालीनेच कमावलेला असतो. डेव्हनमधल्या कॉलिटन गावच्या टॅनरीत आजही ओकच्या सालीत कातडं वर्षाहून जास्त काळ मुरवतात. इतकं मुरलेलं कातडंही पाणी पितंच. पण आत ठेवायचं म्हणजे कोंडायचं नाही. सुती पिशवी, उघड्या कप्प्यात, भिंतीपासून थोडं पुढे. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि 65-70 च्या पुढे बुरशीला रान मोकळं. कपाटातच ठेवावे लागले तर ओल शोषणारी डबी ठेवा आणि भरल्यावर बदला; डांबराच्या गोळ्या कीड थांबवतील, बुरशी नाही. लाकडी साचेही या दिवसांत दमट होतात, ऊन पडेल तेव्हा साचे काढून उन्हात ठेवा, बूट सावलीतच. आणि पंधरवड्यातून एकदा बाहेर काढा, हाताळा, एसी ऑफिसात दिवसभर घालून बसा.

तरीही कधी भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासा-दोन तासांनी बदला, आणि बूट आडवे ठेवा म्हणजे तळालाही हवा लागेल. हेअर ड्रायर, इस्त्रीचं टेबल, फ्रीजच्या मागची गरम जागा, काही नको. दिल्लीतल्या एका हिवाळ्यात मी माझे ओले बूट रात्रभर हीटरसमोर ठेवले होते. सकाळी चवड्यापाशी चामडं पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं, आठवड्याभरात तिथे चीर गेली. तिच्यावर काहीच इलाज चालला नाही. चीर गेलेलं चामडं बरं होत नाही.

तळाबद्दल थोडं. टाचेखालचा रबरी तुकडा सर्वांत आधी झिजतो. तो चामड्याच्या थरापर्यंत पोचायच्या आत बदला, किरकोळ काम आहे. तळाच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघत जा. मऊ लागायला लागला की बदलायची वेळ झाली, भोक पडून बूच दिसेपर्यंत थांबू नका. आपल्या रस्त्यांसाठी पुढे पातळ रबरी अर्धा तळ लावून घ्यावा, असं माझं मत आहे. चामड्याचा श्वास कोंडतो असं मानणारे जाणकार आहेत, पण खडी, चिखल आणि गुळगुळीत ग्रॅनाइटच्या लॉबीत रोज वावरणाऱ्याला त्याने फायदाच होतो. पूर्ण तळ बदलायला देताना कारागिराला एकच विचारा: वेल्टला शिवणार की नुसता चिकटवणार? शिवणार म्हणाले आणि आधी केलेलं काम दाखवलं तर द्या. अनेक इंग्रजी कारखाने स्वतःचे बूट परत घेऊन मूळ फर्म्यावर चढवून नवे करून देतात. ते स्वस्त नसतं आणि पाठवण्याचा खर्च वेगळा, म्हणून माप नक्की बसत असेल तरच त्या वाटेला जा.

"पैसे पाण्यात गेले का" याचं उत्तर सध्या तुमच्या कपाटात नाही, त्या कागदावर आहे. बाह्यरेषा काढल्यावर त्यावर तारीख घाला आणि कागद जपून ठेवा. वयाप्रमाणे पाय पसरतात, दोन-तीन वर्षांनी पुन्हा काढून ताडून बघता येईल. आणि मापं काय निघाली ते मला कळवा. दोन्ही पायांची, वेगवेगळी.